बाळाची पहिली अंघोळ

घरात बाळ जन्मले की त्याला न्हाऊ घालण्याची लगबग सुरू होते. घंगाळात ऊन पाणी काढले जाते. आजी किंवा सुईण पाटावर पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर घेते. या प्रथेत माया आहे. तथापि, जन्मताच घातलेली अंघोळ बाळाच्या जिवावर बेतू शकते, याची पुष्कळांना कल्पना नसते.

गर्भाशयात बाळ सतत उबेत असते. बाहेर येताच त्याचे ओले अंग गार पडू लागते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार अधिक असतो आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून त्याला ऊब निर्माण करता येत नाही. गारठलेले बाळ दूध ओढेनासे होते व रोगाला सहज बळी पडते. जन्मवेळी अंगावर असणारा पांढरा, चिकट थर म्हणजे घाण नव्हे. तो त्वचेचे रक्षण करतो. म्हणून बाळाला कोरड्या कापडाने टिपून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे आणि किमान २४ तास अंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरच्या घरी घेतलेली अशी काळजी किती मोलाची असते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवण्यात आले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करीत, ताप मोजीत, बाळाला उबदार ठेवण्यास आईला शिकवीत आणि आजारावर उपचार करीत. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्या अशाच भेटी देतात.

अंघोळ घालताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. दारे-खिडक्या लावून वारा अडवावा. पंचा, दुपटे, टोपडे आधीच हाताशी ठेवावे.

२. आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे. कोपर बुडवून पाहावे. पाणी कोमट लागले पाहिजे.

३. मान व डोके हाताने सावरून धरावे. बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.

४. नाकाकानात तेल घालू नये. नाळेवर हळद किंवा राख लावू नये. ती कोरडी ठेवावी. अंघोळीनंतर धुरी देऊ नये. धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो.

५. अंघोळ थोडक्यात आटोपून प्रथम डोके पुसावे, मग अंग. लगेच गुंडाळून आईजवळ द्यावे.

रोज अंघोळ हवीच असे नाही. एरवी ओल्या मऊ कापडाने पुसले तरी पुरते. वजन दोन किलोपेक्षा कमी असल्यास आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय न्हाऊ घालू नये. बाळाचे पोट व तळपाय गार लागले किंवा ते दूध पिईनासे झाले, तर त्याला छातीशी धरून तत्काळ दवाखाना गाठावा.

आजीच्या हातांची माया बाळाला हवीच असते. त्या मायेने पहिला एक दिवस थांबावे, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे.