टोमॅटोवरची कीड : ओळख आणि बंदोबस्त
(विज्ञान मंडळ, इयत्ता ७ वी)



न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली टोमॅटोची चार झाडे आपल्याकडे पुष्कळ घरांमागे दिसतात. कोणी त्याला टंबाटं म्हणते, कोणी भेदरं म्हणते. हे झाड मूळचे आपले नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिका. पोर्तुगीज लोकांबरोबर ते आपल्या देशात आले आणि इथलेच होऊन गेले. आज आमटी, भाजी, चटणी, कोशिंबीर, सगळीकडे टोमॅटो लागतो.

टोमॅटो जसा आपल्याला आवडतो तसा किडींनाही आवडतो. फळ लालभडक दिसते, हातात घेऊन फिरवावे तर मागे भोक! मग घरातले कोणीतरी म्हणते, "थांबा, कपाशीचं औषध उरलंय, तेच मारून टाकू." इथेच खरा धोका आहे. परसातला टोमॅटो आपण तोडतो, सदऱ्याला पुसतो आणि तिथेच उभ्याउभ्या खातो. लहान भावंडेही खातात. म्हणून परसातल्या किडीचा बंदोबस्त निराळ्या रीतीने करायला हवा. तो कसा, ते आपण पाहू.

१. आधी ओळख, मग उपाय

वैद्य आधी रोग ओळखतो, मग पुडी देतो. झाडाचेही तसेच आहे. टोमॅटोवर नेहमी येणाऱ्या किडी अशा :

फळ पोखरणारी अळी : ही सर्वांत खादाड. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. तुरीच्या शेंगा आणि कपाशीची बोंडेही हीच खाते. हिची मादी म्हणजे एक पतंग. तो रात्री हिंडतो आणि कोवळ्या पानांवर, कळ्यांवर एकेक सुटे अंडे घालतो. अंडे खसखशीच्या दाण्याहून लहान असते. एक मादी अशी शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. आधी ती पाने कुरतडते, मग फळात शिरते. डोके आत आणि अर्धे अंग बाहेर, अशी ती खात बसते. एक फळ संपवून थांबेल तर ती अळी कसली! ती दुसऱ्या फळाकडे जाते. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढली की जमिनीत उतरते, कोष करते आणि पुन्हा पतंग होऊन वर येते.

पांढरी माशी : पान हलवले की पांढऱ्या कोंड्यासारखे काही उडते ना? तीच ही. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषते. तिच्या रस पिण्यापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. ती एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला देते. त्या रोगाने पाने वळतात, बारीक होतात, झाड खुजे राहते. आपल्याकडे याला बोकड्या म्हणतात.

मावा : हिरवे किंवा काळपट बारीक किडे शेंड्यावर दाटीने बसतात. ते गोड चिकट पदार्थ बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की मावा शोधा. मुंग्या तो गोड रस पितात आणि माव्याची राखणही करतात!

नागअळी : पानावर कोणी पांढऱ्या खडूने वेड्यावाकड्या रेघा ओढल्यासारखे दिसते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून हिरवा भाग खाते, त्याच्या त्या रेघा.

टुटा : ही अळीही पान आतून खाते, पण रेघेऐवजी मोठे फिकट चट्टे पडतात. फळाला, विशेषतः देठाजवळ, टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. ही कीडही दक्षिण अमेरिकेचीच. भारतात ती २०१४ साली प्रथम आपल्या महाराष्ट्रात आढळली. म्हणजे टोमॅटोच्या माहेरची ही माणसे फार उशिरा पाहुणचाराला आली!

लाल कोळी : पानाखाली बारीक जाळे आणि लालसर ठिपके दिसतात. हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. भिंगातून मोजून पाहा.

२. सगळेच किडे शत्रू नसतात

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण काडेपेटीत धरून ठेवतो. आता त्याला सोडून द्या. तो आणि त्याची पिल्ले मावा खातात. पिल्लू काळपट, लांबट, सुसरीसारखे दिसते. त्याला कीड समजून चिरडू नका. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या जातीची एक अगदी चिमुकली माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून अळी बाहेर येतच नाही. कोतवाल, साळुंकी हे पक्षी अळ्या टिपतात. झाडांजवळ एक आडवी काठी बांधलेली उंच काटकी रोवली की त्यांना बसायला जागा होते. कोळी, सरडा आणि बेडूक हेही परसाचे राखणदारच.

जहाल विष फवारले की शत्रूबरोबर हे मित्रही मरतात. कीड पुन्हा लवकर वाढते, मित्र मात्र सावकाश वाढतात. मग आधीपेक्षा जास्त कीड दिसू लागते.

३. दहा झाडांना पुरणारे सोपे उपाय

(अ) आठवड्यातून दोनदा, सकाळी शाळेत येण्यापूर्वी, प्रत्येक झाड पाहा. पाने उलटी करून पाहा, कारण बहुतेक किडी खालीच दडतात. अळी दिसली की चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. भोक पडलेली फळेही तोडा. ती उकिरड्यावर टाकू नका, आतली अळी बाहेर येते. खोल पुरा.

(आ) नागअळी व टुटाची पाने तोडून नष्ट करा. थोडी पाने गेल्याने झाड मरत नाही.

(इ) माव्यावर पाण्याची जोरात धार मारा. तो खाली पडतो आणि बहुधा परत चढत नाही. राख धुरळण्याची जुनी रीतही चालते, पण पाऊस पडला की राख धुऊन जाते.

(ई) पत्र्याच्या डब्याचे झाकण पिवळ्या रंगाने रंगवा. त्यावर एरंडेल तेल किंवा ग्रीस चोपडा आणि शेंड्याच्या उंचीवर टांगा. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात व चिकटतात. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावा.

(उ) बोकड्या झालेल्या झाडाला कोणत्याही औषधाने गुण येत नाही. झाड लहान असतानाच दिसले तर मन घट्ट करून उपटा आणि पुरा. एकाच्या लोभाने दहा जातात. रोपे लहान असताना वाफ्यावर बारीक जाळीचे कापड लावले तर पांढरी माशी आत शिरतच नाही.

(ऊ) युरिया जास्त घालू नका. पाने लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडींची चंगळ होते.

(ए) ज्या जागी यंदा टोमॅटो, तिथे पुढच्या वेळी वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नका. ही सगळी एकाच कुळातली भावंडे. एकाची कीड दुसऱ्याला चालते. मेथी, गवार किंवा कांदा लावा.

४. झेंडूची युक्ती

फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला झेंडूचे फूल टोमॅटोपेक्षा अधिक आवडते. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या १६ ओळींमागे १ ओळ झेंडूची लावतात. लावताना झेंडूचे रोप ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे घेतात, म्हणजे दोघांना फुले एका वेळी येतात. परसात चार-पाच झेंडू कडेने लावले तरी पुरे. पण एक ध्यानात ठेवा. झेंडूच्या फुलांतल्या अळ्या वेचायलाच हव्यात. नाहीतर आपण पाहुण्यांना जेवण वाढून बसलो, असे होईल!

५. निंबोळी अर्क

साहित्य : वाळलेल्या निंबोळीच्या बियांची भरड ५० ग्रॅम, पाणी १ लीटर, फडके, साबणाचा चुरा चिमूटभर.

कृती : उन्हाळ्याच्या शेवटी पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचाव्यात. गर धुऊन काढून बिया सावलीत वाळवाव्यात. लागेल तेव्हा कुटून भरड करावी. ती फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी पुरचुंडी चांगली पिळावी, पाणी गाळावे व साबण मिसळावा. त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा नवा अर्क करावा.

संध्याकाळीच का? कारण उन्हाने अर्काचा गुण लवकर जातो. शिवाय दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. हा अर्क अळीला लगेच मारत नाही. तिचे खाणे कमी होते, कात टाकणे बिघडते आणि ती वाढत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तर "काही उपयोग नाही" असे म्हणू नये. मोठी झालेली अळी मात्र हातानेच वेचावी.

तंबाखूचा काढा कोणी सुचवला तर मुलांनी तो करू नये. तेही विषच आहे आणि ते कातडीतून अंगात जाते. तंबाखू मळलेल्या हातानेही टोमॅटोला शिवू नये. त्यातून झाडाला विषाणूचा रोग लागू शकतो. आजोबांना हे जरूर सांगा!

६. कीड नसताना फवारू नका

फळाचे खालचे टोक काळे पडून खोलगट झाले तर ती कीड नव्हे. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की चुना, म्हणजे कॅल्शियम, फळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तसे होते. पाणी नेमाने द्या. भर उन्हात पाने वळली आणि संध्याकाळी सरळ झाली तर तो बोकड्या नव्हे, झाड उन्हाने दमले आहे.

७. पालकांसाठी दोन शब्द

आपण सगळे "औषध मारले" म्हणतो. औषध माणसाला जगवते. डब्यातले ते मात्र विष आहे. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे अति जहाल, त्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. पूर्वी सर्रास मिळणाऱ्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. मोठ्यांची ही गत, तर लहानांचे काय?

म्हणून आमची विनंती :
• शेतातले उरलेले औषध परसात मारू नका.
• ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कुलपात ठेवा.
• रिकामा डबा घरात पाण्याला, धान्याला वापरू नका.
• शेतात फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, ते डब्यावर लिहिलेले असते. तेवढे दिवस थांबा.
• अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा. पोटात गेले तर १०८ ला फोन करा आणि डबा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

वाचता येत नसेल तर डबा आम्हांला द्या, बंद असलेलाच. आम्ही वाचून दाखवू. त्यासाठीच तर शाळा शिकतो!

स्वाध्याय
१. मुंग्या आणि मावा यांची मैत्री का असते?
२. झेंडूच्या फुलांतल्या अळ्या वेचल्या नाहीत तर काय होईल?
३. करून पाहा : घरच्या एका टोमॅटोच्या झाडावर चार आठवडे नजर ठेवा. कोणते किडे दिसले, किती फळे किडली, ते वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.
४. घरी विचारा : औषधाचे डबे कोठे ठेवले आहेत? लहान भावंडाचा हात तिथे पोहोचतो का? पोहोचत असेल तर आजच जागा बदलायला सांगा.