मोटारसायकलसाठी बंद टेम्पो

आपल्या पारनेरची पुष्कळ माणसे मुंबईला कामाला आहेत. सुटीत ती माळशेज घाटाने गावी येतात. घरची मोटारसायकलही आणायची, तर बंद टेम्पो नीट पारखून घ्यावा, असे आम्ही सांगतो.

टेम्पोचे दार हँडलाहून रुंद आहे का, ते मोजावे. चढवायला मजबूत फळी हवी. तळाला चार कड्या हव्यात. त्यांना पट्टे ताणून बांधले, म्हणजे घाटाच्या वळणावर मोटारसायकल कलंडत नाही.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळाशी साठते. ठिणगी पडली की भडका उडतो. म्हणून खाली झरोके पाहावेत. आत बिडी ओढू नये.

भाडे वाचते म्हणून बायकामुलांना मागे बसवू नये. त्यांना एस.टी.ने आणावे. चार पैसे जास्त जातील, पण आपली माणसे सुखरूप पोचतील.