रिकाम्या डब्यांचा घरी व शेतावर सदुपयोग

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे प्रसिद्धी पावलेले गाव होय. अशा यात्रेच्या गावी उपाहारगृहे, फराळाची दुकाने व लग्नसराईतील पंगती यांच्या निमित्ताने गोडेतेलाचे चौकोनी डबे सतत रिकामे होत असतात. याखेरीज घरोघरी तुपाचे, दुधाच्या भुकटीचे, रंगाचे व यंत्राला घालावयाच्या तेलाचे लहानमोठे डबे साठतात. काही डबे भंगारवाल्याकडे जातात, काही उकिरड्यावर गंजत पडतात. परंतु डबा टाकून देण्याची वस्तू नव्हे, हे आपल्या घरधनिणींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३७ साली बाजारात आलेल्या 'डालडा' वनस्पती तुपाचे पिवळे डबे तूप संपल्यावर कित्येक वर्षे डाळी-पिठासाठी वापरले गेले, ते याच जाणिवेमुळे.

डबा पोलादाच्या पातळ पत्र्याचा असून त्यावर कथिलाचा मुलामा असतो. तो वजनाने हलका असतो, त्यास उंदीर कुरतडू शकत नाही व नीट झाकण बसविल्यास त्यात ओल शिरत नाही. हे गुण विकत घेण्यास गेल्यास पैसे पडतात. घरच्या डब्यात ते फुकट मिळतात. मात्र या डब्याचे काय करावे, हा दुसरा प्रश्न आहे. त्यात पूर्वी काय होते, हा पहिला प्रश्न होय.

डब्यांची प्रतवारी

घरातील सर्व रिकामे डबे अंगणात मांडून त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग खाद्यपदार्थांच्या डब्यांचा : गोडेतेल, तूप, दुधाची भुकटी इत्यादी. हेच डबे धान्य, बियाणे, पीठ व जनावरांचे किंवा कोंबड्यांचे पाणी यांसाठी वापरावेत.

दुसरा ढीग रॉकेल, यंत्राचे तेल, वंगण व रंग यांच्या डब्यांचा. कितीही घासले तरी यांचा वास व अंश पूर्णपणे जात नाही. म्हणून ते खिळे, दोऱ्या व हत्यारे ठेवण्यासाठी किंवा पाखरे हाकलताना वाजविण्यासाठी वापरावेत. खाण्यापिण्याच्या वस्तूंशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये. रॉकेलच्या किंवा रंगाच्या बंद डब्यास कधीही जाळावर धरू नये किंवा तो झाळावयास देऊ नये; आतील वाफेचा भडका उडतो.

तिसरा ढीग कीटकनाशके, तणनाशके व उंदरांचे औषध यांच्या डब्यांचा व बाटल्यांचा. यांचा कोणताही पुनर्वापर करू नये. आवरणावर चौकोनी खूण असून तिच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा रंग दिलेला असतो. लाल सर्वांत जहाल विषाचा. परंतु रंग हिरवा असला तरी त्या डब्यास घरात स्थान नाही. ज्या डब्यावरील चिठ्ठी निघून गेली आहे व ज्यात काय होते हे कोणासही खात्रीने सांगता येत नाही, तो डबाही याच ढिगात टाकावा. उपाहारगृहातून किंवा भंगारवाल्याकडून डबे आणतानाही हीच कसोटी लावावी.

या नियमाचे महत्त्व पटावे म्हणून एक दुःखद घटना ध्यानात ठेवावी. बिहार राज्यातील सारण जिल्ह्यात गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारचे जेवण घेतल्यानंतर २३ बालके मृत्यू पावली. जेवणासाठी वापरलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हे तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या भांड्यात ठेवले गेले होते, असे तपास करणाऱ्यांचे म्हणणे होते. विष डोळ्यांना दिसत नाही आणि पत्र्याच्या सांध्यांत ते दडून राहते. धुतलेला डबा स्वच्छ दिसतो. तो निर्विष असतोच असे नाही.

कीटकनाशकाचे भांडे रिकामे होताच शेतातच ते तीन वेळा पाण्याने खळबळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे. त्यामुळे औषध वाया जात नाही आणि विहिरीत किंवा ओढ्यात विष जात नाही. नंतर भांड्यास भोके पाडून ते निकामी करावे. कीटकनाशक नियम, १९७१ यांतील ४४ व्या नियमाप्रमाणे अशी वापरलेली वेष्टने उघड्यावर न टाकता ती फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. ती जाळू नयेत. हे काम करताना हातमोजे घालावेत व शेवटी साबणाने हात धुवावेत.

डबा तयार करणे

गोडेतेलाचा १५ किलोचा डबा सुमारे साडेतेवीस सेंटीमीटर लांब-रुंद व पस्तीस सेंटीमीटर उंच असतो. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून त्याचे वरचे तोंड कापून झाकण व कडी बसवून घ्यावी. कापलेल्या कडा आत वळवून ठोकाव्यात व कानशीने घासाव्यात. गरम पाणी, धुण्याचा सोडा व राख यांनी डबा आतून घासून तेलकटपणा पूर्ण काढावा. राहिलेले तेल खवट होऊन त्याचा वास धान्यास लागतो. नंतर डबा दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. वाळलेला डबा उन्हाकडे धरून आत पाहिले असता बारीक छिद्र असल्यास त्यातून उजेड दिसतो. असे छिद्र डाग देऊन बुजवून घ्यावे.

मीठ, चिंच, लोणचे व ताक यांसाठी पत्र्याचा डबा वापरू नये. आंबट व खारट पदार्थ मुलामा खातात, पत्रा गंजतो आणि पदार्थ बिघडतो. त्यांसाठी चिनी मातीची बरणीच योग्य.

बियाण्याचा डबा

डब्याचा सर्वांत मोलाचा उपयोग बियाणे साठविण्यासाठी होतो. एका डब्यात साधारणपणे १३ ते १४ किलो ज्वारी किंवा तूर मावते. रब्बी ज्वारीस हेक्टरी सुमारे १० किलो आणि तुरीस नेहमीच्या अंतरावर १२ ते १५ किलो बियाणे लागते. म्हणजे एक डबा जपला की एका हेक्टराची पेरणी जपली, असे म्हणावयास हरकत नाही. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण केलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी आणि 'बीडीएन ७११' ही तूर असे सुधारित सरळ वाण दिले आहेत. अशा वाणांचे निवडक बियाणे शेतकऱ्यास घरी राखता येते. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते.

बियाणे भरण्यापूर्वी ते चांगले वाळवावे. ज्वारीतील ओलावा १२ टक्क्यांच्या आत व कडधान्यातील ९ ते १० टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे. दाताखाली दाणा 'कट्' असा आवाज करून फुटल्यास तो वाळला असे समजण्याची जुनी रीत आहे. उन्हातून काढलेले गरम बियाणे लगेच डब्यात भरू नये. तसे केल्यास रात्री डबा निवतो, आतील वाफेचे पाणी पत्र्यास धरते आणि कडेच्या दाण्यांस बुरशी येते. बियाणे सावलीत पसरून पूर्ण निववावे व मगच भरावे.

डबा काठोकाठ भरावा. रिकामी जागा जेवढी कमी, तेवढी आतील हवा कमी. आणि हवा कमी असल्यास किडीची वाढ खुंटते. झाकणाची फट मेणाने बुजवावी. बियाण्याचे नाव, वाण व भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बाहेर चिकटवावी व पेरणीचा हंगाम येईपर्यंत डबा पुन:पुन्हा उघडू नये. जमिनीवर विटा किंवा फळी मांडून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून डबा ठेवावा.

तुरीच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसल्यास ती भुंगेऱ्याची अंडी होत. ही कीड शेतातच शेंगांवर अंडी घालून धान्याबरोबर घरी येते. कडधान्यास किलोमागे ५ मिलिलिटर गोडेतेल चोळल्याने तिचा उपद्रव कमी होतो. एका डब्यास सुमारे ७० मिलिलिटर तेल पुरते. धान्यात ठेवावयाच्या विषारी वायूच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो.

पेरणीपूर्वी पंधरा दिवस डब्यातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत व गोणपाट ओले राहील अशी काळजी घ्यावी. सहा-सात दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत. किती उगवण होईल हे त्यावरून आधीच कळते आणि फसगत टळते.

सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते व त्याचे बियाणे एकरी ३० किलो लागते. ते डब्यात आदळून भरण्यापेक्षा स्वच्छ पोत्यांत, कमी उंचीच्या थप्पीत ठेवणे हितावह.

घरचा पर्जन्यमापक

मृगाच्या सरी पडताच पेरणीची घाई होते. पुढे पावसाने ओढ दिली की उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला याच कारणाने दिला जातो. परंतु सरकारी नोंद महसूल मंडळाची असते, आणि पाऊस तर एका शिवारात पडतो व दुसऱ्यात पडत नाही. आपल्या शेतात किती पडला हे एका डब्याने समजू शकते.

यासाठी दुधाच्या भुकटीचा किंवा तुपाचा गोल डबा घ्यावा. त्याच्या बाजू तळापासून तोंडापर्यंत सरळ, तळ सपाट आणि तोंड किमान दहा सेंटीमीटर रुंद असावे. तो मोकळ्या जागी खांबावर पक्का बांधावा. झाड किंवा घर यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर तरी सोडावे. तोंड अगदी समपातळीत असावे. हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे दररोज सकाळी साडेआठ वाजता डब्यात शाळेची मोजपट्टी उभी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये पाहावी. मोजपट्टीचे शून्य टोकापासून थोडे वर असल्यास तेवढे अंतर मिळवावे. तीच उंची म्हणजे त्या दिवसाचा पाऊस. वाचन लिहून ठेवून डबा रिकामा करावा. बाजू सरळ असतील तर डबा लहान की मोठा, याने मापात फरक पडत नाही.

उदाहरणार्थ, पहिल्या दिवशी २२, तिसऱ्या दिवशी ३१ व पाचव्या दिवशी २८ मिलिमीटर पाऊस झाल्यास एकूण ८१ मिलिमीटर होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी. अशी बेरीज पुरी झाल्यावर जमीन वीतभर उकरून ओल पाहावी व मग तिफण धरावी. ही नोंद आपल्या निर्णयासाठी आहे. विम्यासाठी सरकारी आकडाच ग्राह्य धरतात.

इतर उपयोग

कोंबडीच्या पिलांचे पाणी : लहान डब्याच्या तोंडाच्या काठापासून दोन सेंटीमीटरवर एक भोक पाडावे. डबा पाण्याने भरून त्यावर तीन सेंटीमीटर काठाची पसरट थाळी पालथी धरावी व दोन्ही एकदम उलटवावे. थाळीतील पाणी भोकापर्यंत चढते व थांबते; पिले प्याली की तेवढेच पुन्हा उतरते. पिले पाण्यात बुडत नाहीत आणि पाणी घाण होत नाही. पाणी रोज बदलावे.

उंदरांस अटकाव : तेलाच्या डब्याच्या चारही बाजू उलगडल्यास सुमारे ९४ सेंटीमीटर लांब व ३५ सेंटीमीटर रुंद पत्रा मिळतो. कणगी ज्या माच्यावर असते त्याच्या प्रत्येक खांबाभोवती, जमिनीपासून पाऊण मीटरवर, तो घट्ट व गुळगुळीत बसवावा. उंदराची नखे पत्र्यावर ठरत नाहीत. कोकणात नारळाच्या झाडांना याच हेतूने पत्रा बांधतात. माच्यास काठी, दोरी किंवा पोते टेकून ठेवल्यास मात्र हा उपाय व्यर्थ ठरतो.

रोपे : तळास चार-पाच भोके पाडून व खाली खापऱ्या घालून डब्यात कढीपत्ता, मिरची किंवा पपईचे रोप लावता येते. परभणीच्या उन्हाळ्यात पत्रा तापून मुळे भाजतात. म्हणून डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे व तो दुपारच्या सावलीत ठेवावा.

दोन धोके

पहिला धोका डासांचा. उघड्यावर पडलेल्या डब्यात पावसाचे पाणी साचले की आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यू पसरविणारे डास तयार होतात. त्यांची अंडी पाणी आटल्यावरही डब्याच्या कडेस अनेक महिने जिवंत राहतात. म्हणून वापरात नसलेला डबा पालथा ठेवावा आणि आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासावीत.

दुसरा धोका जनावरांस आहे. पत्रा कापताना उडालेले तुकडे, तारा व खिळे कडब्यात गेल्यास गाय-बैल ते चाऱ्याबरोबर गिळतात. ते पोटातून पुढे सरकून हृदयास टोचतात व चांगले जनावर दगावते. पत्र्याचे काम गोठ्यापासून व कडब्याच्या गंजीपासून दूर करावे आणि काम संपताच जागा झाडून तुकडे वेचावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक पटतो. पेरणीपूर्वी बैठक घेऊन प्रत्येकास घरचे दोन-तीन रिकामे डबे आणण्यास सांगावे आणि सर्वांसमक्ष त्यांचे तीन ढीग करावेत. विषाचा डबा कोणी धान्यासाठी किंवा पाण्यासाठी वापरीत असल्यास त्यास चारचौघांत लाजवू नये. तो डबा तेथेच निकामी करावा व त्यास खाद्यतेलाचा एक डबा मिळवून द्यावा. घरात डबा कोणता वापरावयाचा हे बहुधा स्त्रियाच ठरवितात. म्हणून बैठकीस त्यांची उपस्थिती आवश्यक समजावी. पर्जन्यमापकाचे काम शाळेतील मुलांकडे दिल्यास नोंद रोज व नेमाने होते.

रिकाम्या डब्यास किंमत नसते. त्यात जे ठेवावयाचे, त्याची किंमत फार मोठी असते. ज्या घरात डबा हाती घेताना 'यात काय होते?' असे प्रथम विचारले जाते, त्या घरचे बियाणेही सुरक्षित राहते आणि मुलेबाळेही.