टबीथेची शिलाई

वाचन: प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



टबीथा ही यापो या समुद्रकाठच्या गावातील शिष्या. सत्कृत्ये व दानधर्म हेच तिचे जीवन होते. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत संत पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. हे कपडे टबीथेने त्यांच्या सहवासात असताना केले होते, असे संत लूक आवर्जून नोंदवतो.

आपणही जुने कपडे पिशवीत भरून देतो. त्यातही पुण्य आहे. पण घेणारीचा चेहरा आपल्याला दिसत नाही. टबीथेला तो दिसत होता.

ज्या भगिनींना शिवणकाम येते त्यांनी शेजारच्या मुलीला किंवा एकट्या पडलेल्या विधवेला जवळ बसवावे. आधी बटण लावणे, मग धावदोरा, मग तुरपाई, शेवटी उशीचा अभ्रा. जुन्या लुगड्यांची गोधडी तर साध्या धावदोऱ्यावर होते आणि चौघी बसल्या की लवकर पुरी होते. टाका वाकडा गेला तर तिलाच उसवू द्यावा. हात असाच बसतो. मुलग्यांनाही बटण लावायला शिकवावे. दिलेला कपडा विरतो, शिकवलेली कला हातात राहते आणि शिकताना दोघींचे सुखदुःखही बोलून होते.

चिंतनासाठी:
१. माझ्या हातातली कोणती कला मी कुणाला शिकवली आहे?
२. आपल्या वाडीत कुणाजवळ बसायला माणूस नाही?

प्रार्थना: हे प्रभो, आमचे हात इतरांच्या उपयोगी पडोत. आमेन.