दात काढल्यावर धूर नको, वाफही नको



आपल्या भंडारदऱ्याच्या भागात पावसाने एकदा धरले म्हणजे आठ आठ दिवस उघडीप मिळत नाही. आवणीची घाई असते. चिखलात गुडघाभर उभे राहून काम करायचे असते. नेमकी अशा वेळी एखाद्याची दाढ ठणकू लागते. माणूस काय करतो? तंबाखूची चिमूट दाढेत धरतो आणि काम रेटतो. रात्री ठणका वाढतो. गाल सुजतो. शेवटी तो राजूर किंवा अकोले गाठतो. डॉक्टर तपासून म्हणतात, "दाढ पार किडून गेली आहे. काढावी लागेल."

दाढ निघते. माणसाला वाटते, सुटलो! दवाखान्याच्या बाहेर येतो, आणि खिशातली बिडी काढून पेटवतो.

हा पाठ त्या बिडीविषयी आहे. बिडीच्या भावंडांविषयीही आहे. मिसरी, तंबाखू, गुटखा आणि आता नव्याने आलेली वाफेची नळी, ही ती भावंडे. दाढ काढणे हे डॉक्टरांचे काम. ते अर्ध्या तासात होते. जखम भरू देणे हे आपले काम. त्याला दिवस लागतात. ते काम कसे करावे, हे आपण पाहू.

दाढेच्या जागी काय घडते?

दाढ जबड्याच्या हाडात रोवलेली असते. ती काढली की हाडात खड्डा पडतो. खड्ड्यात रक्त भरते. थोड्या वेळाने ते रक्त घट्ट होते. त्याची गुठळी बनते. ही गुठळी घाण नव्हे. ती निसर्गाने बसवलेले झाकण आहे. झाकणाखाली हाड असते, शिरा असतात. झाकण जागेवर राहिले तर त्याच्या आधाराने खालून नवे मांस धरते. दोन-तीन आठवड्यांत वरची हिरडी मिटत येते. आतले हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात.

भाताच्या खाचराला आपण नवा बांध घालतो. माती ओली असते. त्यावर लगेच पाय दिला, तर बांध खचतो. पाणी वाट काढते आणि बांध वाहून जातो. तोच बांध चार दिवस सुखरूप राहिला, तर घट्ट होतो. मग त्यावरून माणूस चालत जातो. दाढेच्या खड्ड्यातली गुठळी अशीच ओल्या बांधासारखी असते. पहिले तीन-चार दिवस तिला जपायचे.

गुठळी निघून गेली तर?

गुठळी निघून गेली, की खड्डा उघडा पडतो. हाड उघडे पडते. अन्न, पाणी, वारा सरळ हाडाला लागतो. याला डॉक्टर 'ड्राय सॉकेट' म्हणतात. आपण 'कोरडा खड्डा' म्हणू. १८९६ साली क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे.

हे दुखणे ओळखावे कसे? साधी जखम दिवसेंदिवस कमी दुखते. कोरडा खड्डा उलटा वागतो. पहिल्या दिवशी बरे वाटते. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी एकाएकी ठणका उठतो. तो कानापर्यंत जातो. तोंडाला घाण वास येतो. झोप लागत नाही. साध्या गोळीने हे दुखणे दबत नाही. मग पुन्हा डॉक्टरांकडे जावे लागते. ते खड्डा धुतात आणि त्यात औषध भरतात. पुन्हा भाडे, पुन्हा खर्च, पुन्हा रोज बुडाला. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते म्हणतात, ते येथे खरे ठरते.

हे दुखणे सर्वांनाच होते असे नाही. साधी दाढ काढली, तर शंभरांत दोन ते पाच जणांना होते. खालची अक्कलदाढ काढली, तर अधिक जणांना होते. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका सुमारे तिप्पट असतो.

बिडी का नको?

तीन कारणे आहेत.

पहिले कारण, ओढ. बिडी ओढताना गाल आत जातात. तोंडात जोराने ओढ बसते. त्या ओढीने गुठळी सुटून येऊ शकते. नळीने शहाळे पिताना किंवा जोराने थुंकताना असाच ताण पडतो. म्हणून तेही नको.

दुसरे कारण, धूर. गरम धूर ताज्या जखमेवर जातो. त्यातली विषारी द्रव्ये जखमेला लागतात. जखम चिडते.

तिसरे कारण, निकोटीन. हे तंबाखूतले विष. ते रक्ताच्या बारीक वाहिन्या आवळते. पाटाचे दार खाली केले, तर शेताला पाणी कमी पोहोचते. तसेच जखमेला रक्त कमी पोहोचते. जखम भरायला लागणारे सामान रक्तातूनच येते. ते कमी आले, की भरणे लांबते.

मिसरी आणि तंबाखूचे काय?

कोणी म्हणेल, "आम्ही ओढत नाही. आम्ही नुसती मिसरी लावतो." सरकारने २०१६-१७ साली एक मोठी पाहणी केली होती. तीत महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांत सुमारे सत्तावीस जण तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत ओढणारे थोडे होते. खाणारे आणि लावणारेच फार होते. म्हणून आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिची पूड खड्ड्यात शिरते. बोट जखमेवर घासते. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जाते. तंबाखूबरोबर चुना असतो. चुना ताज्या जखमेला जाळतो. तंबाखू धरली, की पिंक टाकावीच लागते. त्या जोराने गुठळी हलते. दाढ दुखते म्हणून तंबाखू धरणे हा उपाय नाही. थोडा वेळ बधिरपणा येतो, पण कीड आत चालूच राहते.

वाफेची नळी

आता नव्या वस्तूविषयी. मे-जूनमध्ये काजवे पाहायला पुण्या-मुंबईची माणसे भंडारदऱ्याला येतात. तलावाच्या काठी तंबू लागतात. आपली पोरे तेथे कामाला असतात. पाहुण्यांपैकी कोणाच्या हातात बोटाएवढी विजेवर चालणारी नळी दिसते. तिला कोणी ई-सिगारेट म्हणतात, कोणी व्हेप म्हणतात. चीनमधील होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ साली आजच्या धर्तीची अशी नळी तयार केली. पुढे ती जगभर पसरली.

समजा, अशाच एका पोराची दाढ काल काढली आहे. घरी आजी आणि नातू बोलत आहेत. त्यांचे बोलणे ऐकू.

नातू : आजी, डॉक्टरीणबाईंनी बिडी बंद सांगितली. पण ही बिडी नव्हं. ही नुसती वाफ आहे.

आजी : वाफ?

नातू : हां. सर्दी झाली म्हंजे तू नाही का मला वाफारा देत? तशीच ही.

आजी : वाफाऱ्याच्या पातेल्यात मी पाणी घालते बाबा. तुझ्या नळीत काय घातलंय?

नातू : ते काही ठाऊक नाही. वास आंब्याचा येतो.

आजी : आंब्याचा वास आला म्हणून त्याचा आंबा होतो का? बरं, ती ओढावी लागते का आपोआप येते?

नातू : ओढावी लागते.

आजी : मग बाईंनी काय सांगितलं होतं? ओढायचं नाही, थुंकायचं नाही. नळीला त्यांनी सूट दिली होती का?

नातू : (हसून) नाही दिली. पण आजी, तुझी दाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. तू मिसरी बाजूला ठेवशील का?

आजी थोडा वेळ बोलली नाही. मग तिने कनवटीची डबी काढली आणि त्याच्या हातात दिली.

आजी : ही त्या दिवशी तुझ्यापाशी ठेव. मी मागितली तरी देऊ नको.

आजीचा प्रश्न नेमका आहे. वाफाऱ्यात पाणी असते. नळीत पाण्याची वाफ नसते. तीत ग्लिसरीनसारखी दाट द्रवे असतात, वासाची रसायने असतात, आणि बहुतेक नळ्यांत निकोटीन असते. नळी ते तापवते आणि त्याचे बारीक तुषार बनवते. ते तुषार आपण ओढतो. म्हणजे ओढ तीच, ऊब तीच, निकोटीनही तेच. म्हणून दंतवैद्य बिडीचा नियमच या नळीला लावतात. निकोटीन नसलेली नळी असली, तरी ओढ बसतेच. तीही नको.

आणखी एक गोष्ट. भारतात २०१९ सालच्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे यांस बंदी आहे. विकणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कोणी पाहुणा म्हणाला, "ही पेटी तुझ्याकडे ठेव, गिऱ्हाईक आले की दे," तर तरुणांनी त्या भरीस पडू नये.

दाढ काढण्यापूर्वी

डॉक्टरांना सर्व खरे सांगावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे दुखणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पोटात बाळ असणे, यांतले काही असेल तर लपवू नये. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बिडी-मिसरीची सवयही सांगावी. लाजू नये.

दाढ काढल्यावर

१. डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा किंवा जाळीचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. सारखा काढून पाहू नये.

२. दोन-तीन तास ओठ व गाल बधिर असतो. तोवर जेवू नये. गाल चावला तरी कळत नाही.

३. पहिले चोवीस तास चूळ जोराने भरू नये. थुंकू नये. लाळ हळूच गिळावी. लाळ थोडी तांबूस येते. तिला भिऊ नये.

४. गार किंवा कोमट आणि मऊ खावे. मऊ भात, वरईची पेज, नागलीची गार आंबील, ताक चालते. कढत चहा, तिखट कालवण, फुटाणे नकोत. दारू मुळीच नको.

५. पहिल्या दिवशी डोक्यावर हंडा किंवा लाकडाचा भारा घेऊ नये. वाकून जड काम करू नये. झोपताना उशी उंच घ्यावी.

६. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालावे. ते तोंडात धरून हळू फिरवावे आणि आपोआप बाहेर पडू द्यावे. जेवणानंतर प्रत्येक वेळी असे करावे. बाकीचे दात रोज मऊ ब्रशने घासावेत. जखमेला ब्रश लावू नये.

७. खड्ड्यात जीभ, काडी, बोट घालू नये. लवंग, हळद, चुना काही भरू नये. खड्ड्यावर पांढरट थर दिसतो. तो बहुधा भरणाऱ्या जखमेचा असतो. खरवडू नये.

८. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच घ्याव्यात. दुकानातून ॲस्पिरिन आणून घेऊ नये. तिने रक्त वाहते.

९. बिडी, सिगारेट, नळी, मिसरी, तंबाखू निदान तीन दिवस बंद. आठ-पंधरा दिवस बंद ठेवली तर फार उत्तम.

पुन्हा डॉक्टरांकडे केव्हा जावे?

रक्त वाहू लागले तर स्वच्छ कापडाची ओली घडी जखमेवर ठेवावी आणि बसून अर्धा तास दाबून धरावी. तरी थांबले नाही तर जावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला, ताप आला, पू आला, तरी जावे. सूज गळ्याकडे उतरली, गिळवत नाही, तोंड उघडत नाही किंवा श्वास लागतो, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मोठ्या उपचाराची गरज पडली, तर आपल्याच जिल्ह्यात लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. आपल्या प्रवरेच्या पाण्यावर पिकणाराच तो मुलूख आहे.

तीन दिवसांचे पुढे काय?

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत घालवली. कठीण धडा एकदम पाठ होत नाही. थोडा थोडा होतो. तंबाखू सोडणेही तसेच आहे. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. तलफ येते. पण एक तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात दोन घोट पाणी प्यावे, चार पावले चालावे, कोणाशी बोलावे. तलफ ओसरते. दाढेसाठी तीन दिवस काढलेच, तर अर्धा घाट चढून झाला. मग मागे कशाला फिरायचे? सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

तंबाखू वापरणाऱ्याने आरशात आपले तोंड पाहत जावे. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांतले काही दिसले तर लगेच दाखवावे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

ध्यानात ठेवा

गुठळी म्हणजे जखमेचे झाकण.
ओढू नका, थुंकू नका, कोरू नका.
धूर नको, मिसरी नको, नळीची वाफ नको.
ठणका वाढला तर घरी बसू नका.

प्रश्न

१. दाढ काढल्यावर खड्ड्यातली गुठळी काय काम करते?
२. बिडी न ओढण्याची तीन कारणे सांगा.
३. वाफारा आणि नळीची वाफ यांत काय फरक आहे?
४. हा पाठ घरातील ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. घरात कोणाची दाढ काढायची असेल, तर त्याची डबी किंवा बिडीचे बंडल तीन दिवस कोण सांभाळील, ते सर्वांनी मिळून ठरवा.