दर पावसाळ्यात तुंबणारी लाईन

प्रश्न : सिडकोतलं आमचं घर पस्तीस वर्षांपूर्वीचं आहे. पावसाळा लागला की मागच्या अंगणातलं चेंबर भरून वर येतं. माणूस बोलावला की तो बांबूच्या पट्ट्या घालून लाईन मोकळी करतो, आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. आता एक जण म्हणतो कॅमेरा घालून बघू, दुसरा म्हणतो अंगण खोदून सगळी लाईन नवी टाका. कॅमेऱ्यात खरंच काही दिसतं का, की उगाच खर्च?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दिसतं, आणि पुष्कळ दिसतं. पण कॅमेऱ्याच्या आधी एक गोष्ट फुकटात बघून घ्या. गच्चीचं पाणी कुठे उतरतं? कित्येक घरांत गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो. घरातल्या मैल्यासाठी टाकलेल्या चार इंची पाइपात अख्ख्या गच्चीचा पाऊस मावत नाही. तसं असेल तर तो पाइप आधी तिथून काढून बागेकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. त्याच दिवसांत शेजाऱ्यांची चेंबरंही वर येत असतील, तर दोष रस्त्याखालच्या मोठ्या लाईनमध्ये आहे. ती तक्रार महापालिकेकडे करायची. तुमचं अंगण खोदून काही साधणार नाही.

दोन्ही नसेल तर मात्र लाईनच्या आत बघायलाच हवं. तुमच्या घराच्या वयावरून पाइप स्टोनवेअरचे असण्याची दाट शक्यता आहे. हे पाइप साधारण दोन-दोन फुटांचे तुकडे असतात, सिमेंटने सांधलेले. म्हणजे चाळीस फुटांच्या लाईनमध्ये वीसेक सांधे. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वर्षानुवर्षांच्या या हालचालीत सांधे सुटतात. फटीतून ओल बाहेर झिरपते आणि अंगणातल्या झाडाची मुळं नेमकी त्या ओलीकडे वळतात. केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत त्याची जटा होते. बांबूची पट्टी त्या जटेला भोक पाडते, पाणी सुटतं, माणूस पैसे घेऊन जातो. जटा तिथेच राहते. दीड-दोन महिन्यांचं तुमचं चक्र मला यातलंच वाटतं.

कॅमेरा म्हणजे लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी भिंग-दिव्याची डोकी. ती चेंबरमधून आत ढकलत नेतात. पडद्यावर चित्र दिसतं आणि दांडा किती फूट आत गेला तेही कळतं. मुळं, तडे, खचलेला तुकडा, गोठलेलं तेल-तूप, मिस्त्रीने सांडलेलं सिमेंट, सगळं ओळखू येतं. ढाळ बिघडलेला असेल तर मध्येच डोकी पाण्यात बुडते आणि पुढे परत वर येते. चार इंची पाइपला चाळीस फुटांना एक फूट ढाळ, हा जुना हिशेब. तो मोडला की पाणी पुढे जातं आणि मैला मागे साचतो. काही यंत्रांच्या डोक्यात संदेश पाठवणारी सोय असते. वरून दुसरं यंत्र फिरवून बिघाड नेमका कुठे आणि किती खोल आहे ते शोधता येतं. मग अंगण सगळं न खोदता चार फुटांतच काम भागू शकतं.

एक अट आहे. तुंबलेल्या, गढूळ लाईनमध्ये कॅमेऱ्याला काही दिसत नाही. आधी जोराच्या पाण्याने जेटिंग करून लाईन धुवायची, मग कॅमेरा. पाइप जुना आणि तडकलेला असेल तर पाण्याचा जोर बेताचा ठेवायला सांगा. धुऊन पुन्हा काही दिवसांनी बघण्याची गरज नाही, लगेच बघा.

या कामाला मी उगाच खर्च म्हणणार नाही, आणि त्याचं कारण पिण्याच्या पाण्यात आहे. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही. मधल्या दिवसांत नळाची लाईन रिकामी असते, आणि तिला कुठे फट असेल तर आजूबाजूची ओल आत ओढली जाते. शेजारून फुटकी ड्रेनेज लाईन जात असेल, तर पाण्याच्या दिवशी नळाला पहिलं येणारं पाणी काय घेऊन येईल याचा विचार करा. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

बघण्याची वाट ठेवूनच जमिनीखाली पाणी न्यायचं, हे या शहराला नवं नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे तेव्हाच्या याच शहरासाठी, नहर बांधली, तेव्हा तिच्यावर अंतराअंतराने उभे झरोके ठेवले. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. तुमच्या अंगणातलं चेंबरही त्याच कामाचं आहे. फरशी बसवताना पुष्कळ घरांत ते झाकून टाकतात, ते मात्र करू नका.

नहरेत स्वच्छ पाणी होतं, म्हणून तिथे माणूस उतरत असे. मैल्याच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवू नका. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना असं काम करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे, तो घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेंबरमध्ये ॲसिडही ओतू नका. मुळं त्याने मरत नाहीत, आणि पट्टी घालणाऱ्या माणसाचे हात-डोळे भाजतात.

काम ठरवताना चित्रीकरण तुमच्या मोबाईलवर मागून घ्या, दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. बिघाडाच्या जागेवर चुन्याची खूण करवून घ्या, भिंतीपासूनचं अंतर लिहा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. आणि त्या जागेजवळ कोणतं झाड आहे ते मला जरूर कळवा. उंबर किंवा पिंपळ असेल तर नुसता तुकडा बदलून भागणार नाही, तिथे सांधे कमी असलेला पीव्हीसी पाइप टाकावा लागेल.