भोजनातील मात्रा : तरुणांनी कमी खर्चात वजन कसे उतरवावे?

आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुण-तरुणींचे वजन आज विशी-पंचविशीतच वाढू लागले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आले. हे आजार आता केवळ बंगल्यात राहणाऱ्यांचे उरलेले नाहीत. ज्या घरात एकच मुलगा कमावता आहे, त्या घरी तोच तिशीत मधुमेहाने किंवा रक्तदाबाने गाठला गेला, तर औषधाच्या खर्चाने धाकट्या भावंडांचे शिक्षण थांबते. म्हणून हा विषय रूपाचा नाही, कुटुंबाच्या उभारीचा आहे.

वजन उतरवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो पैशाचा. व्यायामशाळेची फी, डब्यातली पावडर, परदेशी धान्ये, हे सारे आपल्याला कसे परवडणार? आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की, वजन उतरवण्यासाठी पैसा लागत नाही, मात्रा लागते. आणि मात्रेचा हा धडा आपल्याला नवा नाही.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा प्रसेनजित त्या काळी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच एकदा भरपेट जेवून तो धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही की उपास करायला सांगितले नाही. सावध राहून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे कष्ट कमी होतात आणि त्याचे आयुष्य राखले जाते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी ऐकवली. राजाच्या पाठीशी सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. हळूहळू राजा द्रोणावरून एका नाळीवर आला, त्याचे शरीर हलके झाले आणि तो समाधान पावला.

अट्ठकथेत ही युक्ती अधिक उलगडून सांगितली आहे. राजा शेवटचा घास उचलू लागला की तरुण गाथा म्हणे. राजा तो घास ठेवून देई आणि पुढच्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजत. म्हणजे एकदम निम्मे जेवण तोडलेले नाही, अन्नही बदललेले नाही. रोजचेच अन्न, पण थोडे थोडे कमी, आणि आठवण देणारा एक माणूस जवळ. आजचा आहारतज्ज्ञ याहून फार वेगळे काही सांगत नाही.

आपला हिशेब

समजा, २३ वर्षांचा एक तरुण आहे. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ८८ किलो. दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसून काम. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो याचा ३२ च्या वर येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. पोटाचा घेर शिलाईच्या टेपने मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर तो गेला, तर सावध व्हावे.

या तरुणाने एकदम २५ किलो उतरवण्याचा ध्यास घेऊ नये. वजनात ५ टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम दिसतो. म्हणजे याचे पहिले ध्येय साडेचार किलो, मुदत तीन महिने.

अन्नातील ऊर्जा कॅलरीत मोजतात. शरीरातील एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरू शकते. प्रत्यक्षात वेग थोडा कमीच राहतो, म्हणून तीन महिने धरले. आता या ५०० कॅलरी कोठून कमी करायच्या, ते पाहू.

पहिली जागा चहा. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर झाली. दोनच चहा आणि एकेक चमचा असे केले, तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी वाचतात. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर घरात शिल्लक राहते.

दुसरी जागा संध्याकाळचा गाडा. दोन वडापावांत पाचशेच्या आसपास कॅलरी जातात. त्याऐवजी मूठभर फुटाणे खाल्ले, तर शंभर-सव्वाशे. पोटाला आधार मिळतो आणि खिशातले पैसेही उरतात. त्या पैशांत आठवड्याची अंडी येतात.

तिसरी जागा तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज ४० ग्रॅमहून अधिक तेल पोटात जाते. ते ३ किलोवर आणले, तर माणशी दीडशे कॅलरी कमी होतात. महिन्याचे तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवावे आणि तेवढ्यात महिना भागवावा. फोडणीला बाटलीतून ओतू नये, चमच्याने घालावे.

या तिन्ही ठिकाणी खर्च वाढत नाही, उलट घटतो.

भात की भाकरी?

भात सोडा, भाकरी खा, असे पुष्कळजण सांगतात. वस्तुतः १०० ग्रॅम तांदूळ, ज्वारी किंवा गहू यांतील कॅलरींत फारसा फरक नाही. भाकरीत चोथा अधिक असतो, त्यामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते, हा तिचा गुण. पण भाताऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या, तर वजन हलणार नाही. घरातील एक वाटी ठरवावी. तीच आपली नाळी. भात त्या वाटीने मोजून घ्यावा, आणि त्यासोबत मटकीची किंवा चवळीची उसळ, डाळ, मेथी-चवळई-शेवग्यासारखी पालेभाजी, काकडी, मुळा असे भरपूर घ्यावे. डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. डब्यातल्या पावडरीची गरज पडत नाही.

दुसरे टोक टाळावे

सिद्धार्थ गौतमांनी देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला. सुजातेची खीर त्यांनी घेतली ती याच जाणिवेने. आपल्या मुली लग्नाचा विषय निघाला की दोन वेळचे जेवण सोडतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगितली पाहिजे. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. उपाशी राहून वजन उतरवणारी मुलगी अशक्त होते आणि खाऊ लागताच वजन परत येते. चटकन वजन घटवणाऱ्या गोळ्यांपासूनही दूर राहावे. सिब्युट्रामिन हे असेच एक औषध होते. हृदयाला धोका दिसल्याने २०११ साली त्यावर भारतात बंदी आली. ज्यांना मधुमेह, थायरॉईड किंवा हृदयविकार आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचारावे.

आईची समजूत

आपल्या घरात एक अडचण वेगळी आहे. आपल्या आजी-आजोबांनी उपास केले नाहीत, त्यांना उपास घडले. ज्या आईने लहानपणी भाकरीचा तुकडा वाटून खाल्ला, तिला मुलाच्या ताटात वाढताना हात आखडता घेणे जमत नाही. मुलाने ताट बाजूला सारले की तिला तो आपला अपमान वाटतो. तिच्याशी भांडू नये. तिलाच सुदर्शनाचे काम द्यावे. "आई, दुसऱ्यांदा वाढताना मला आठवण कर," असे सांगावे. राजा त्या तरुणाला रोज शंभर कार्षापण देत असे. आपल्या घरी हे काम आई किंवा धाकटी बहीण प्रेमाने करील.

चालणे आणि सोबत

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालावे. दोन थांबे आधी उतरून घरी चालत यावे, जिने चढावे. मात्र अर्ध्या तासाच्या चालण्याने साधारण दीडशे कॅलरीच खर्च होतात, तेव्हा चाललो म्हणून वडा खाल्ला, तर हिशेब जागच्या जागी राहतो. चालण्याने साखर व रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते आणि उतरलेले वजन टिकते.

वजन रोज पाहू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच काट्यावर पाहून वहीत लिहावे. रविवारी विहारात वंदनेला जमणाऱ्या तरुणांनी पाच-सहा जणांचा गट करून एक वजनकाटा वर्गणीतून घ्यावा आणि वंदनेनंतर आपापला आकडा मांडावा. कोणी कोणाच्या देहाची थट्टा करू नये, ही पहिली अट. जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गोडधोड जरूर असावे, परंतु पंगतीत आग्रह करून वाढण्याची पद्धत तरुणांनीच बंद करावी. येत्या रविवारी गटातील प्रत्येकाने वजन आणि पोटाचा घेर लिहून घ्यावा, आणि चहा, गाडा, तेल यांपैकी कोणत्याही एका जागेपासून सुरुवात करावी.